रोजच्या अध्यात्मावर एक हरकत

सांप्रत आपल्या धर्मविषयक बोलण्याला एक सौम्य आणि ऐकताक्षणी पटणारे वळण लागले आहे. देव भेटावा म्हणून देवळात जावयास नको, तीर्थयात्रा नको, उपासतापास नकोत, गुरूचा अनुग्रहही नको. भाजी निवडताना, धुणे धुताना, शेतात खुरपताना किंवा कचेरीत टिपण लिहिताना मन त्या त्या कामात पुरते ओतले की तेच काम साधना होते आणि तोच क्षण अध्यात्माचा होतो, असे हे मत आहे. सप्ताहाच्या मंडपात प्रवचनकार ते सांगतात, शहरांतल्या व्याख्यानमालांत कंपन्यांचे सल्लागार ते सांगतात, आणि ज्यांना यांपैकी कोठेच जावयास सवड नसते त्यांच्या मोबाईलवर ते पहाटेच्या सुविचाराबरोबर आपण होऊन येऊन पोचते. या मतात कर्मकांडाचा जाच नाही, जातिपातीचा भेद वरकरणी नाही आणि खर्च तर मुळीच नाही. त्यामुळे त्याला विरोध करणारा मनुष्य एक तर कट्टर सनातनी असावा किंवा अगदीच अरसिक असावा, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो धोका पत्करूनही या मतावर आमची हरकत आहे, आणि ती नोंदविण्यास हिंगोली जिल्ह्यातील कुरुंद्याइतके सोयीचे ठिकाण दुसरे सापडणे कठीण.

कुरुंदा हे वसमत तालुक्यातले गाव. देवी टोकाई, शिवारात हळद आणि ऊस. येथल्या सहकारी साखर कारखान्याला नाव देवीचे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, हिंगोलीस, ज्या आवारात हळदीचा लिलाव पुकारला जातो त्या आवाराला नाव संत नामदेवांचे. कारण परंपरा ज्याला नामदेवांचे जन्मगाव मानते ते नरसी याच जिल्ह्यात आहे. विसोबा खेचरांनी नामदेवांचा अभिमान जेथे उतरविला अशी कथा सांगतात ते औंढा नागनाथाचे देऊळही याच जिल्ह्यात, आणि जनाबाईंचे गंगाखेड लागूनच्या परभणी जिल्ह्यात. देवांची व संतांची नावे आणि पोटापाण्याचे व्यवहार येथे असे एकमेकांना चिकटून नांदत असल्यामुळे, व्यवहारातच अध्यात्म आहे या सिद्धांताची रुजुवात करावयाची तर ती येथेच करणे न्यायाचे होईल. दुसरेही एक कारण आहे. नांदापूरला १९३२ साली जन्मलेल्या आणि या गावाचे नाव आडनावात वागविणाऱ्या नरहर कुरुंदकरांच्या लेखनात वादाची एक शिस्त दिसते: प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मांडता येईल त्याहूनही बळकट करून मांडावे, आणि मगच त्याच्या खंडनाला हात घालावा. आम्हीही त्याच क्रमाने जाऊ.

पूर्वपक्ष असा. देव गाभाऱ्यात कोंडलेला नाही हे मराठी मनाला कोणी नव्याने सांगावयास नको. अरणच्या सावता माळ्यांना आपल्या मळ्यातल्या कांद्यामुळ्यांत विठ्ठल दिसला. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या भेटीला मळ्यात आला, असे परंपरा सांगते. तेरचे गोरोबा चिखल तुडविता तुडविता नामात रंगत. सेना न्हावी आणि नरहरी सोनार यांनी आपापल्या धंद्याच्या हत्यारांतूनच परमार्थाची भाषा घडविली. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या दप्तरात जमाखर्च पाहणाऱ्या एकनाथांना हिशेबात एका पैची चूक आढळेना, म्हणून ते रात्रभर जागले, आणि पहाटे ती सापडताच आनंदाने टाळी पिटते झाले, ही गोष्ट तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले. त्या दोहोंत त्यांना अंतर वाटले नाही. महाराष्ट्राबाहेर पाहावे तर सहाव्या शतकात इटलीतल्या संत बेनेडिक्टने आपल्या मठवाशांच्या दिनक्रमात प्रार्थनेच्या जोडीला अंगमेहनत घातली. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात मुदपाकखाना सांभाळणाऱ्या ब्रदर लॉरेन्सला भांड्यांच्या खणखणाटातही देवाचे सान्निध्य प्रार्थनेच्या वेळेइतकेच जाणवे. आणि चीनमधल्या ध्यानमार्गी भिक्षूंनी पाणी वाहणे व लाकडे फोडणे ही साधनाच मानली. आपापल्या कर्मानेच ईश्वराची पूजा होते, असे गीतेनेही सांगितले आहे. इतक्या देशांची आणि इतक्या शतकांची साक्ष ज्याच्या बाजूने उभी आहे, ते मत थिल्लर म्हणून झटकून टाकता येणार नाही.

आणि आम्हाला ते झटकून टाकावयाचेही नाही. परमार्थाची मक्तेदारी पुरोहितवर्गाच्या हातून काढून कुंभाराच्या चाकापर्यंत आणि शिंप्याच्या सुईपर्यंत आणणे हे संतांनी केलेले काम मराठी समाजाच्या इतिहासातली मोठी घटना आहे, तिचे मोल कमी करावे असे कोणाही विचारी माणसास वाटणार नाही. ज्याला दोन प्रहरी उन्हात खुरपे चालविताना आपल्या अंतर्यामी काही उजळल्याचा अनुभव येतो त्याच्या अनुभवाविषयीही आमची तक्रार नाही. तो त्याचा आहे, आणि त्यावर तिऱ्हाइताने शेरा मारण्याचे कारण नाही. आमचा वाद संतांशी नाही, अनुभव घेणाऱ्याशी नाही. तो आहे या अनुभवाचा उपदेश करणाऱ्याशी. संतांनी जे जेथे आणि ज्या नात्याने म्हटले, तेथून ते उचलून भलत्या ठिकाणी आणि भलत्या नात्याने म्हटले म्हणजे सत्याचे असत्य कसे होते, एवढेच आम्हाला दाखवावयाचे आहे.

पहिला प्रश्न अधिकाराचा. सावतोबा बोलले ते आपल्या मळ्याविषयी, आपल्या मोटेविषयी, आपल्या घामाविषयी. दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून, तेथे रोजाने राबणाऱ्या गड्याला, बाबा रे, तुझा घाम हाच तुझा अभिषेक, असे सांगण्याचा सूर त्यांच्या वाणीचा नाही. माझे काम हीच माझी पूजा, हे वाक्य काम करणाऱ्याच्या तोंडी साक्षात्कार ठरू शकते. तुझे काम हीच तुझी पूजा, हे वाक्य काम न करणाऱ्याच्या तोंडी गेले की त्याचा अर्थ पालटतो, आणि काम करवून घेणाऱ्याच्या तोंडी गेले की त्याचा हेतूही पालटतो. पहिल्या वाक्यात कष्ट करणारा आपल्या कष्टाला स्वतः अर्थ देतो. दुसऱ्यात तो अर्थ त्याच्या वतीने परस्पर ठरविला जातो. असे परस्पर ठरविण्याचे मुखत्यारपत्र कष्टकऱ्याने कोणाला लिहून दिले होते, हे एकदा दाखविण्यात यावे. गाडगेमहाराजांना ते लागले नाही, कारण खराटा प्रथम त्यांच्या हाती असे आणि उपदेश नंतर मुखी येई. आजच्या उपदेशकाच्या बाबतीत हा क्रम बहुधा पहिल्या पायरीवाचूनच पुरा होतो.

हा भेद केवळ तर्काचा वाटत असेल तर हळदीच्या रानात येऊन पाहावे. नऊ-एक महिने जमिनीत वाढलेले हे पीक हिवाळा सरता सरता काढणीस येते, आणि मग पाला कापणे, कंद उकरणे, माती झाडणे, हळकुंडे मोडून गड्ड्यांपासून वेगळी करणे, ती शिजविणे, उन्हात वाळविणे आणि अखेर घासून त्यांना झळाळी आणणे अशी कामांची रांग लागते. वेचण्याचे, मोडण्याचे आणि निवडण्याचे काम बहुतांशी बायकांच्या वाट्याला येते. कंबर वाकलेली, बोटे पिवळी, आणि रोज मात्र पुरुषाच्या रोजाहून कमी, ही गावोगावची रीत आहे. समान कामाला समान वेतन द्यावे असा कायदा या देशात १९७६ साली झाला, आणि २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीच्या मानाची नोंद झाली, ती निवडणाऱ्या हाताच्या मानाची व्हावयाची राहिली. हीच हळद पंचपाळ्यात पडली की मंगल होते, तिच्यावाचून लग्न लागत नाही. पण ती हळद जिच्या हातून तेथवर आली तिच्या रोजाचा विषय निघाला की तो संसारी, क्षुद्र आणि अध्यात्माच्या कक्षेबाहेरचा ठरतो. मजुरीचा प्रश्न अध्यात्माबाहेर आणि मजुरी करतानाची मनःस्थिती मात्र अध्यात्माच्या आत, ही सीमा कोणी आखली, आणि ती नेमकी याच जागी का आखली गेली? आमची सारी हरकत या सीमेवर आहे.

उसाच्या फडात ही गोष्ट अधिकच उघडी होते. तेथे नवराबायकोचे जोडपे मिळून हिशेबात एक कोयता धरला जातो. हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत माणूस मुकादमाच्या वहीतून सुटत नाही. एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो आणि तो पैशांनी भरून द्यावा लागतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले, आणि महिन्याच्या चार दिवसांचा खाडा ज्यांना परवडत नव्हता अशा कित्येकींनी ही शस्त्रक्रिया पत्करल्याच्या हकिकती बाहेर आल्या. मनःपूर्वक केलेले कोणतेही काम साधना होते, हे तत्त्व जर निरपवाद असेल तर ते या बाईलाही लागू केले पाहिजे. आणि ते तिला लागू करून सांगण्याचे धैर्य ज्याला होत नाही, त्याने आपल्या तत्त्वाला अपवाद आहे हे मान्य करावे. तो अपवाद मान्य झाला की पुढचा प्रश्न टळत नाही: कोणते काम साधना होऊ शकते आणि कोणते होऊ शकत नाही, हे जर कामाच्या अटींवर अवलंबून असेल, तर अध्यात्माने आधी अटींकडे पाहावे की आधी मनाकडे?

येथे आमचे प्रतिपक्षी जनाबाईंना साक्षीस बोलावतील. दळणकांडणासारख्या कामात जिला विठ्ठल भेटला, त्या जनाबाईंहून मोठा पुरावा कोणता, असे ते विचारतील. पुरावा मोठा आहे खरा. पण तो कोणत्या बाजूचा आहे हे तपासले पाहिजे. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांतला विठ्ठल काय करतो? तो तिच्या कष्टाची थोरवी सांगत बसत नाही. तो तिच्याबरोबर दळू लागतो, पाणी भरतो, शेणी वेचतो, तिचे केस विंचरतो. जात्याच्या खुंट्याला त्याचा हात लागतो आणि जात्याचा निम्मा भार कमी होतो. देव आपल्या कामात असावा असे जेव्हा दासीला वाटले, तेव्हा तिने त्याला प्रेक्षक म्हणून बोलावले नाही, परीक्षक म्हणून नाही, प्रवचनकार म्हणून तर नाहीच नाही. तिने त्याला भागीदार म्हणून बोलावले. मराठी कवितेत दैनंदिन जीवनातल्या अध्यात्माचे हे सर्वांत मोठे चित्र आहे, आणि या चित्राचा निर्णय आजच्या उपदेशकाच्या साफ विरुद्ध जातो. दळणे हे पवित्र आहे असे सांगून जाते सोडून दूर उभा राहणारा देव जनाबाईंना ठाऊक नाही. घरातल्या स्त्रीला, तुझे स्वयंपाकघर हेच तुझे देवघर, असे गोड बोलून सांगणाऱ्या गृहस्थाने तिच्या अभंगांचा आधार घेण्याआधी स्वतः परातीपाशी बसून पाहावे. तिच्या विठोबाने यापेक्षा कमी काही केलेले नाही.

दुसरा मुद्दा एकाग्रतेचा. रोजच्या कामात अध्यात्म शोधा म्हणणाऱ्यांचा सारा भर मन कामात ओतण्यावर असतो; चित्त वर्तमान क्षणी स्थिर झाले की पुढचे सारे आपोआप घडते असे त्यांचे गृहीत आहे. पण चित्ताची स्थिरता ही शक्ती आहे, सद्गुण नव्हे. कुलूप फोडणाऱ्या चोराइतके वर्तमान क्षणी जगणारे कोण असेल? काट्याखाली पासंग दडविणाऱ्या व्यापाऱ्याचे लक्षही त्या वेळी इकडेतिकडे भटकत नसते. ध्यानमार्गाची जी शिस्त जपानातल्या भिक्षूंनी मठात जोपासली, तीच सामुराईंनी तलवारीच्या कामाला लावली, आणि तीही उत्तम लागली. मापात पाप करणाऱ्याची समाधी अखंड असू शकते. म्हणून पाप पुण्य होत नाही. तेव्हा काम किती तन्मयतेने केले, या प्रश्नाने अध्यात्माची परीक्षा पुरी होत नाही. काम कोणते केले, कोणासाठी केले आणि त्यात कोणाचे काय बुडाले, हे विचारावेच लागते.

एकनाथांची पैची गोष्ट पुन्हा एकदा या दृष्टीने वाचावी. ती एकाग्रतेची गोष्ट म्हणून सांगितली जाते; पण एकनाथ रात्रभर शोधत होते ते मनःशांतीला नव्हे, चुकीला. टाळी पिटली ती ध्यान लागले म्हणून नव्हे, हिशेब जुळला म्हणून. ज्याच्या ताळेबंदात एक पै कोणाची तरी जास्त किंवा कमी लागली होती, ती ज्याची त्याला पोचेपर्यंत ज्याला झोप येत नाही, त्याच्या जागरणाला अध्यात्म म्हणावयास आमची कधीच ना नाही. या एवढ्या लहान चुकीचा उलगडा होताच इतका आनंद, तर संसाराची मोठी चूक उमगल्यावर किती होईल, असे गुरू त्यांना म्हणाले. म्हणजे गुरूंनीही शिष्याच्या तन्मयतेपेक्षा चूक सुधारण्याच्या तळमळीलाच परमार्थाचा पाया मानले. आता ही कथा सांगून, कचेरीत मन लावून काम करा, असा बोध करणारे सद्गृहस्थ ती पै विसरतात आणि टाळी तेवढी ठेवतात.

तिसरा मुद्दा स्थानाचा. देव सर्वत्र आहे, मग अमुकच जागेचा आग्रह कशाला, असा युक्तिवाद करताना औंढ्याची कथा हटकून येते: पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकले, तेव्हा ते म्हणाले की जेथे शिव नाही तेथे माझे पाय ठेव, आणि नामदेव पाय जेथे नेतील तेथे पिंडी उमटू लागली. कथा सुंदर आहे. पण त्याच औंढ्याची, त्याच नामदेवांची दुसरी एक कथा तितक्याच श्रद्धेने सांगितली जाते, ती या प्रसंगी कोणी काढीत नाही. देवळासमोर कीर्तनास उभ्या राहिलेल्या नामदेवांना तेथून उठविण्यात आले. ते देवळामागे जाऊन गाऊ लागले. आणि देऊळच त्यांच्या दिशेला फिरले. पहिल्या कथेत जागेला महत्त्व नाही, दुसरीत जागेलाच सारे महत्त्व आहे. परंपरेने दोन्ही कथा जपल्या, कारण त्या दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. ज्याला समोर उभे राहण्याचा हक्क आहे आणि त्या हक्काचा ताठाही आहे, त्याला पिंडीची कथा सांगावी. ज्याला मागे लोटले आहे त्याला ती सांगणे हा त्याचा उपहास होय. त्याच्यासाठी देऊळच फिरावे लागते.

देव सर्वत्र आहे हे चोखोबांना इतरांपेक्षा कमी समजले होते काय? तरीही पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभे राहण्याची वेदना त्यांच्या वाणीतून गेली नाही. मंगळवेढ्याला कुसू कोसळून त्यात वेठीला लावलेली माणसे मेली त्यांत चोखोबा होते, आणि त्यांची समाधी अखेर महाद्वाराच्या बाहेरच झाली. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषण करीत होते तेव्हाही, घरातल्या चुलीत आणि शेतातल्या मातीत देव आहे, मग देवळाचा हट्ट का, हा सौम्य आणि उदात्त युक्तिवाद उपलब्ध होताच. तो त्यांनी मानला असता तर आज दार बंदच असते. अध्यात्माची जी भाषा बंद दाराला सोयीची पडते, तिच्याविषयी सावध राहणे हे केवळ सुधारकाचे नव्हे, भाविकाचेही कर्तव्य आहे.

आता आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांचा विचार करू. पहिला असा की, आम्ही अध्यात्माला मजुरीच्या पातळीवर ओढून आणीत आहो. आमचे उत्तर असे की, ते तेथे आम्ही आणलेले नाही. अध्यात्म भाजी चिरण्यात आहे, शेत नांगरण्यात आहे, दुकानाच्या गल्ल्यावर आहे, असे आमच्या प्रतिपक्षानेच सांगितले. तेथे ते असेल तर गल्ल्यातल्या नाण्यांपाशीही असले पाहिजे. देहूच्या तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही परंपरेची साक्ष आहे. खते लिहिताना चित्त प्रसन्न ठेवावे, वसुलीला जाताना श्वासाकडे लक्ष द्यावे, असा मार्ग त्यांनाही मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही. महाजनाच्या घरी जन्मलेल्या माणसाच्या दैनंदिन जीवनात अध्यात्म शिरले, तेव्हा ते मनःस्थितीत बदल करून थांबले नाही. वहीपर्यंत गेले आणि वही घेऊन नदीपर्यंत गेले.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. गरिबाला कष्ट तर चुकत नाहीत. मग त्या कष्टांत त्याला थोडे समाधान लाभत असेल तर ते तुम्ही का हिरावता? आम्ही हिरावीत नाही. हळद निवडणाऱ्या बाईच्या ओठी येणारी ओवी तिची आहे. तिने ती कोणाच्या सल्ल्याने म्हटलेली नाही, आणि आमच्या हरकतीने ती थांबणारही नाही. पण तिचे समाधान हा तिच्या मालकाच्या जमेचा आकडा नव्हे. ती गात काम करते, म्हणून तिचा रोज कमी दिला तरी चालेल, असा निष्कर्ष उघडपणे कोणी काढीत नाही हे खरे. तथापि तिच्या गाण्याचे कौतुक ज्या मंडपात होते तेथे तिच्या रोजाचा उल्लेखही होत नसेल, तर तो निष्कर्ष न बोलता निघालेलाच असतो. आणि कष्ट चुकत नाहीत हे तरी कोणी ठरविले? २०२२ च्या जुलैत अतिवृष्टीने कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले. अशा रात्री शांत चित्ताने पाण्याकडे पाहणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याची कडी वाजविणारा अध्यात्माच्या अधिक जवळ असतो, आणि पाणी ओसरल्यावर ते गावात का शिरले आणि पुन्हा शिरू नये म्हणून काय करावे असे विचारणारा त्याहूनही जवळ असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो मान्य करण्यातच आमच्या म्हणण्याची परिपूर्ती आहे. प्रतिपक्षी म्हणेल: तुमच्या कसोटीने पाहिले तर देव न मानणारा, नाम न घेणारा, ध्यान न लावणारा मनुष्यही दुसऱ्याचे देणे चोख देत असेल आणि दुसऱ्याच्या भाराला हात लावीत असेल तर आध्यात्मिक ठरेल. होय, ठरेल. नरहर कुरुंदकर स्वतःला नास्तिक म्हणवीत, आणि ज्या स्वामी रामानंद तीर्थांविषयी त्यांना नितांत आदर होता ते भगवी वस्त्रे धारण केलेले संन्यासी होते. त्या संन्याशाने गुहा शोधली नाही. हैदराबाद संस्थानातल्या रयतेच्या हक्कांचा लढा त्याने चालविला आणि निजामाच्या तुरुंगात दिवस काढले. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मोकळे झाले, आणि १९५० साली नांदेडला जे पीपल्स कॉलेज निघाले त्यामागेही हीच प्रेरणा होती. त्याच कॉलेजात पुढे तो नास्तिक प्राध्यापक झाला आणि प्राचार्यही. ईश्वर आहे की नाही याविषयी या दोघांचा निकाल परस्परविरुद्ध, आणि तरीही रोजच्या जगण्यात दोघांचा रस्ता एक. हे ज्याला उमजते त्याला आमचा सिद्धांत वेगळा सांगावा लागू नये: रोजच्या जीवनातले अध्यात्म कर्त्याच्या मनात किती उजेड पडला यावरून मोजावयाचे नसून, त्याच्या असण्याने दुसऱ्याच्या डोक्यावरचा भार किती उतरला यावरून मोजावयाचे असते. उजेड पडलाच तर तो वरकड लाभ समजावा.

एवढे मान्य झाल्यावर उपदेशकाला आमचे काही मागणे उरत नाही, फक्त श्रोता बदलण्याची विनंती आहे. कामाचे माहात्म्य आजवर काम करणाऱ्यांना सांगण्यात आले. यापुढे ते काम करवून घेणाऱ्यांना सांगावे. येत्या सप्ताहात मंडपाच्या पुढल्या रांगेत बसणाऱ्या बागायतदारांना, मुकादमांना, आडत्यांना आणि घरोघरच्या कर्त्या पुरुषांना विचारावे की ज्या श्रमाला तुम्ही पूजा म्हणता त्या पूजेचा रोज किती देता, वजन करताना काटा कोणाच्या बाजूला झुकतो, आणि दळणाच्या वेळी तुमचा हात कोठे असतो. हा प्रश्न विचारून झाल्यावरही मंडप भरलेला राहिला, तर रोजच्या जीवनात अध्यात्म आहे या मतावरची आमची हरकत आम्ही आनंदाने मागे घेऊ. आणि तो रिकामा झाला, तर तेथे इतके दिवस कशाची आराधना चालली होती याचा पुरावा आणखी कोणी गोळा करावयास नको.